तरणतलावातलं घर: ब्रिटनमधल्या जुन्या ‘बाथ्स’बद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या दारासमोरच्या कॉरिडॉरमध्ये, फरशीच्या कडेला, पांढऱ्या टाइलवर निळ्या अक्षरांत ‘६ फूट’ असं लिहिलेलं आहे. पहिल्यांदा घरी येणारा पाहुणा तिथे थबकतोच. इथे तलावाची खोल बाजू होती असं सांगितलं, की चपला काढता काढताच प्रश्न सुरू होतात. उत्तर इंग्लंडमधल्या एका जुन्या सार्वजनिक तरणतलावाच्या इमारतीत आम्ही गेली नऊ वर्षं राहतोय. पाहुण्यांचे ते प्रश्न, आणि असं घर घ्यावं का म्हणून ओळखीची मराठी मंडळी फोनवर विचारतात ते प्रश्न, यांची उत्तरं एकदा नीट लिहून ठेवावीत म्हणून हे पान.

‘बाथ्स’ म्हणजे पोहण्याचा तलावच ना?

तलाव हा त्यातला एक भाग. एकोणिसाव्या शतकात कामगार वस्त्यांतल्या घरांना न्हाणीघर नसायचं, आणि नळ पुष्कळदा सगळ्या गल्लीत मिळून एकच. म्हणून या इमारतींत तीन सोयी एका छपराखाली असत: पोहायचा तलाव, एकेकट्याने अंघोळ करायच्या टबांच्या खोल्या आणि कपडे धुवायचं धुणीघर. त्या टबांना ‘स्लिपर बाथ’ म्हणत. पैसे भरले की ठरावीक वेळ टब तुमचा. गरम पाण्याची चावी मात्र खोलीबाहेर, तिथल्या नोकराच्या हातात. पाणी निवलं की आतला माणूस ओरडणार, ‘पाच नंबरला अजून गरम!’ काही मोठ्या बाथ्समध्ये टर्किश हमामही असे.

हे सगळं सुरू झालं ते धुण्यापासून, आणि ती गोष्ट मला फार जवळची आहे. १८३२ साली लिव्हरपूलमध्ये कॉलऱ्याची साथ आली. किटी विल्किन्सन या आयर्लंडमधून आलेल्या कष्टकरी बाईकडे पाणी उकळायचा बॉयलर होता. तिने शेजारपाजारच्या घरांतले आजाऱ्यांचे कपडे आणि अंथरुणं आपल्या घरी आणून धुऊ दिली. तिच्या खटपटीतून १८४२ मध्ये लिव्हरपूलच्या फ्रेडरिक स्ट्रीटवर सार्वजनिक स्नानगृह आणि धुणीघर उभं राहिलं. त्यानंतर चार वर्षांत, १८४६ साली, गावोगावच्या स्थानिक संस्थांना कर्ज काढून अशी स्नानगृहं बांधता येतील असा कायदा झाला. छताखालच्या बंदिस्त तलावांना त्यात स्पष्ट जागा मिळाली ती १८७८ च्या दुरुस्तीनंतर. आज घरं झालेल्या बहुतेक इमारती त्यानंतरच्या चाळीस-पन्नास वर्षांतल्या.

कामगारांच्या अंघोळीसाठी एवढा थाट कशाला?

नगरपालिकांना त्यात अभिमान होता. ग्रंथालय, टाउन हॉल, बाथ्स या गावाच्या प्रतिष्ठेच्या जागा. मँचेस्टरच्या हॅथरसेज रोडवरच्या व्हिक्टोरिया बाथ्स १९०६ मध्ये उघडल्या तेव्हा त्यांना ‘जलमहाल’ म्हणायचे. रंगीत काचा, मोझेकच्या फरशा, हिरव्या टाइलच्या भिंती, आणि लाल-पिवळसर विटांच्या पट्ट्यांचा दर्शनी भाग.

पण चकचकीत टाइल लावण्यामागे रोकडा व्यवहारही होता. मुलामा दिलेली वीट किंवा टाइल पाणी पीत नाही, तिच्यावर बुरशी धरत नाही, आणि पाण्याच्या पाइपने सगळी भिंत धुऊन काढता येते.

या थाटातली एक बोचरी गोष्टही सांगायला हवी. व्हिक्टोरिया बाथ्सला तीन वेगळी दारं आहेत आणि त्यांवर कोरलेलं आहे: पहिल्या वर्गाचे पुरुष, दुसऱ्या वर्गाचे पुरुष, स्त्रिया. तलावही तीन. ताजं पाणी आधी पहिल्या वर्गाच्या तलावात, तिथून दुसऱ्या वर्गाच्या, आणि शेवटी बायकांच्या. आमच्याही इमारतीत ‘स्त्रिया’ असं कोरलेला दगड आहे, बाजूच्या गल्लीतल्या अरुंद दारावर. त्या दाराने आता आम्ही सायकली आत नेतो. मुख्य दाराशी त्याची तुलना केली की फार काही समजावून सांगावं लागत नाही.

पाणी स्वच्छ असायचं का?

गाळणयंत्रं आणि क्लोरीन सर्रास यायच्या आधी तलाव आठवड्यातून एक-दोनदा भरायचा आणि रिकामा करायचा अशी रीत होती. ताज्या पाण्याच्या दिवशी तिकीट जास्त. पाणी गढूळ होईल तसं तिकीट कमी. ज्यांच्या खिशात कमी, ते शेवटच्या दिवशी येत. हिवाळ्यात बऱ्याच ठिकाणी तलावावर फळ्या टाकून नाच, सभा, मुष्टियुद्धाचे सामने होत. दिवाणखान्यात वीस माणसं नाचली तरी आमची जमीन हलत नाही, तेव्हा मला त्या फळ्यांची आठवण येते.

मग या जागा बंद का पडल्या?

घरोघर न्हाणीघर आलं, कपडे धुवायची यंत्रं आली, आणि टबांच्या खोल्या व धुणीघरं ओस पडली. उरला तलाव. तो चालवायला महाग: मोठ्या दिवाणखान्याएवढी नव्हे तर देवळाच्या सभामंडपाएवढी हवा तापवायची, पाणी तापवायचं, जुने बॉयलर सांभाळायचे. त्यात वाफ आणि क्लोरीन. ओलसर, क्लोरीनयुक्त हवा विटांमागे दडलेल्या पोलादापर्यंत पोचली की पोलाद गंजतं, गंजताना फुगतं आणि समोरची वीट ढकलून फोडतं. बाहेरून फक्त एक उभी भेग दिसते. नगरपालिकांसमोर दुरुस्तीचे आकडे आले आणि एकेक तलाव बंद होत गेला. व्हिक्टोरिया बाथ्स १९९३ मध्ये बंद झाल्या, लंडनच्या हॅगरस्टन बाथ्स २००० मध्ये, ग्लासगोच्या गव्हनहिल बाथ्स २००१ मध्ये. गव्हनहिलच्या लोकांनी तर इमारत ताब्यात घेऊन ठिय्या दिला होता.

बंद पडल्यावर सरळ पाडत का नाहीत?

कित्येक पाडल्या. ज्या वाचल्या त्यातल्या बऱ्याच ‘लिस्टेड’ म्हणजे संरक्षित यादीत आहेत. इंग्लंडमध्ये तीन श्रेण्या आहेत: ग्रेड वन, ग्रेड टू स्टार आणि ग्रेड टू. यादीतल्या नव्वद टक्क्यांहून जास्त इमारती ग्रेड टूच्या. स्कॉटलंडमध्ये ए, बी, सी अशी वर्गवारी आहे. यादीतली इमारत पाडायची, किंवा तिचं स्वरूप बदलेल असं काही आत-बाहेर करायचं, तर ‘लिस्टेड बिल्डिंग कन्सेंट’ घ्यावा लागतो. तो न घेता काम करणं इंग्लंडमध्ये १९९० च्या कायद्याने गुन्हा आहे. नुसत्या दंडावर भागत नाही, तुरुंगवासही होऊ शकतो.

पण यादीत नाव आल्याने छप्पर गळायचं थांबत नाही. इमारत टिकते ती वापरात राहिली तर. म्हणून प्रश्न येतो, वापर कोणता?

घरंच का? पुन्हा तलाव का नाही?

माझं मत विचाराल, तर पुन्हा तलाव होत असेल तर तोच करावा. लीड्सच्या ब्रॅम्ली बाथ्स १९०४ च्या, आणि २०१३ पासून वस्तीतल्या लोकांची संस्था त्या चालवते आहे. तिथे आजही लोक पोहतात. तेवढं माणूसबळ आणि पैसा प्रत्येक ठिकाणी उभा राहत नाही.

मधला मार्गही आहे. लंडनच्या केंटिश टाउनमधल्या प्रिन्स ऑफ वेल्स रोडच्या बाथ्स १९०१ च्या. २००७ मध्ये बंद झालेली ही इमारत दुरुस्त होऊन २०१० मध्ये पुन्हा उघडली. तलाव राहिले, आणि इमारतीच्या एका भागात फ्लॅट झाले, ज्यांच्या विक्रीचा पैसा कामाला लागला. असा व्यवहार मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतो. थोडी घरं, आणि त्या घरांनी तलावाला जगवायचं. लंडनच्याच हॉर्न्सी रोडवरच्या बाथ्स १८९२ च्या. तिथे तलाव गेला, घरं आली, पण सूर मारणाऱ्या बाईची निऑनची पाटी जपली आहे. रात्री ती पेटते तेव्हा रस्त्यावरच्या अनोळखी माणसालाही कळतं की इथे पाणी होतं.

घरांखेरीज इतर वापरही झालेत. एडिनबराचे इन्फर्मरी स्ट्रीट बाथ्स आता डव्हकॉट स्टुडिओ आहेत, तिथे तलावाच्या जागी हातमागावर टॅपेस्ट्री म्हणजे भिंतीवर लावायची विणीव चित्रं विणली जातात आणि वरच्या सज्जातून ते पाहता येतं. लंडनचे लॉरी ग्रोव्ह बाथ्स गोल्डस्मिथ्स कॉलेजच्या कलाकारांचे स्टुडिओ झाले.

तलावाच्या खड्ड्याचं काय करतात?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि रूपांतर चांगलं की वाईट ते इथेच ठरतं.

आधी धोक्याची बाजू. भरलेल्या तलावातलं पाणी खालच्या जमिनीवर दाब देत असतं. तलाव रिकामा केला आणि खाली भूजल उंच असेल, तर ते पाणी खालून वर रेटतं. नाव पाण्यात तरंगावी तशी तलावाची आख्खी टाकी उचलली जाऊ शकते, किंवा तळाला तडे जातात. म्हणून जाणता इंजिनिअर आधी आजूबाजूला बोअर घेऊन भूजलाची पातळी बघतो, आणि मगच काय करायचं ते ठरवतो.

नंतर वाटा साधारण चार. पहिली, खड्डा तसाच ठेवून वर जमीन टाकायची आणि खाली पाइप, पंप, सामान. दुसरी, खड्डा भरून टाकायचा. तिसरी, खड्ड्यालाच दोन मजली फ्लॅटचा खालचा मजला करायचा. ही कागदावर छान दिसते. प्रत्यक्षात तळ उताराचा, एका बाजूला जेमतेम कमरेएवढा खोल, आणि खाली खिडकी कुठून आणणार? अशा एका फ्लॅटमध्ये मी गेले होते. निजायच्या खोलीत भर दुपारी दिवा लावावा लागत होता.

चौथी वाट म्हणजे मधली जागा मोकळी सोडायची. खड्डा सगळ्यांचं अंगण, आणि घरं कडेने: जिथे कपडे बदलायच्या खोल्यांची रांग होती तिथे, आणि वर जिथे बसून लोक शर्यती बघायचे त्या सज्जांच्या मागे. छताच्या काचेतून येणारा उजेड थेट तळापर्यंत जातो. आमची इमारत अशी आहे. यात विकासकाला फ्लॅट कमी मिळतात, म्हणून ही वाट फार कमी वेळा निवडली जाते. पण या इमारतींमध्ये टाइलपेक्षा, कोरलेल्या दगडापेक्षा मोलाची असते ती ही पोकळी. लोखंडी कमानींच्या खाली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मध्ये एकही खांब नसलेली जागा. चार मजल्यांचे स्लॅब टाकून ती कापली, की दर्शनी भाग कितीही घासूनपुसून ठेवा, आत राहतात ते कुठल्याही इमारतीतले फ्लॅट, ज्यांच्या न्हाणीघरात छताच्या जागी कमानीचा एक तुकडा विनाकारण डोकावतो.

मध्ये काही बांधायचंच असेल तर ते भिंतींना न टेकवता, स्वतंत्र बांधावं. अॅश्टन-अंडर-लाइनच्या जुन्या बाथ्स १८७० सालच्या आसपासच्या आणि १९७५ मध्ये बंद पडलेल्या. तिथे ऑफिसं केली, पण मंडपाच्या आत स्वतःच्या पायावर उभा असलेला, लाकडाने मढवलेला एक सांगाडा घालून. उद्या तो काढून टाकला तर मूळ भिंतीला ओरखडाही दिसणार नाही. घरांसाठीही हा विचार चालतो.

राहायला कसं असतं? थंडी, ओल, आवाज?

उजेड अप्रतिम. थंडीचं मात्र खरं सांगते: पहिला हिवाळा आम्ही स्वेटर घालून झोपलो. लिस्टेड इमारतीत जुन्या खिडक्या काढून दुहेरी काचेच्या बसवायला सहसा परवानगी मिळत नाही. आतून दुसरी काच बसवता येते. ती बसवल्यावर फरक पडला.

आवाजाचा प्रश्न टाइलमुळे येतो. कडक, गुळगुळीत पृष्ठभाग आवाज परतवतात. अंगणात एका मुलाने चेंडू आपटला तर सगळ्या सज्जांना कळतं. दोन घरांमधल्या भिंतीचं वेगळं. रूपांतर करताना इंग्लंडच्या नियमाप्रमाणे भिंतीने आणि जमिनीने किमान ४३ डेसिबल आवाज अडवायला हवा. नव्या बांधकामाला ही अट ४५ ची आहे. कागदावरचे हे दोन डेसिबल झोपेच्या वेळी जाणवतात, त्यामुळे फ्लॅट बघायला संध्याकाळी जा, शेजारी घरी असतील तेव्हा.

क्लोरीनचा वास येतो का असं सगळे विचारतात. येत नाही. पावसाळी दिवसांत मात्र जिन्याजवळ ओल्या दगडाचा एक वास येतो, तो मला आवडतो.

ओलीबद्दल आमची एक तक्रार लिहितेच. मागच्या भिंतीच्या विटांमधल्या दरजा झिजल्या होत्या. इमारतीची देखभाल करणाऱ्या कंपनीने त्या चुन्याऐवजी सिमेंटने भरल्या. मुलामा दिलेल्या विटेतून पाणी बाहेर पडू शकत नाही, ते बाहेर पडतं दरजेतल्या चुन्यातून. तो रस्ताच बुजवला. दुसऱ्या हिवाळ्यातल्या एका सकाळी मी कचरा टाकायला गेले तर भिंतीच्या पायथ्याशी हिरव्या मुलाम्याच्या खपल्या पडलेल्या, नखाएवढ्या, बांगडीच्या काचेसारख्या. विटेत अडकलेलं पाणी गोठून फुगलं आणि त्याने विटेचं तोंडच उडवलं. शंभराहून जास्त वर्षं टिकलेला रंग दोन हिवाळ्यांत गेला. नंतर सगळं सिमेंट हाताने खरवडून काढून चुना भरावा लागला, आणि तो खर्च आमच्याच सर्व्हिस चार्जमधून गेला.

सर्व्हिस चार्ज किती असतो?

इमारतीप्रमाणे बदलतो, पण साध्या फ्लॅटपेक्षा जास्तच धरून चला. काचेचं छप्पर, जुनी चिमणी, मनोरा या सगळ्यांची डागडुजी सगळ्या घरांत वाटली जाते. इंग्लंडमध्ये फ्लॅट बहुतेक लीजवर, म्हणजे लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यावर असतात, आणि इमारतीचा मालक वेगळा असतो. मोठ्या कामात कुठल्याही एका घराच्या वाट्याला २५० पाउंडांपेक्षा जास्त येणार असतील, तर आधी रहिवाशांना लेखी कळवून त्यांचं म्हणणं ऐकून घेणं त्या मालकावर बंधनकारक आहे. ती नोटीस आली की वाचा, आणि कोणता चुना, कोणता कारागीर, हे विचारा. आम्ही तेव्हा विचारलं नाही.

घेण्याआधी काय तपासावं?

पोलादी कमानींचं आणि छपराचं अलीकडचं पाहणीपत्रक मागा. राखीव निधी किती जमला आहे ते बघा. जुन्या बॉयलर आणि पाइपांवर अॅस्बेस्टॉस सर्रास वापरलेलं असे, त्याची नोंदवही बघा. आधीच्या मालकाने परवानगीशिवाय काही तोडफोड केली असेल तर ती निस्तरायची जबाबदारी नव्या मालकावर येऊ शकते, म्हणून प्रत्येक बदलाचा कन्सेंट वकिलाकरवी पडताळून घ्या. विमा बाजारभावावर घेऊ नका, मूळ पद्धतीने पुन्हा बांधायला येणाऱ्या खर्चावर घ्या. हातघडणीची टाइल पुन्हा बनवून घेणं फार महाग पडतं.

भिंतीत खिळा मारता येतो का?

टाइलवर नाही. आमच्याकडे तसबिरी छताजवळच्या लाकडी पट्टीवरून दोरीने लोंबतात. देवघर जमिनीवरच्या चौरंगावर आहे.

छपरात वटवाघळं असतात असं ऐकलं, खरं का?

असू शकतात. त्यांना कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे छपराचं काम काढण्याआधी पाहणी करावी लागते, आणि ती उन्हाळ्याच्या महिन्यांतच नीट होते. काम वर्षभर लांबलं तर कंत्राटदारावर चिडू नका.

जागा सगळ्यांची होती, ती आता मोजक्यांची झाली. याचं वाईट वाटत नाही?

वाटतं. लोकांच्या करातून उभी राहिलेली इमारत, आणि आज दाराला कोड आहे. याचं पूर्ण समाधान होईल असं उत्तर माझ्याकडे नाही. इंग्लंडमध्ये दर सप्टेंबरात ‘हेरिटेज ओपन डेज’ असतात, एरवी बंद असलेल्या इमारती लोकांना फुकट बघता येतात. आम्ही रहिवाशांनी भांडून, सभा घेऊन, मधलं अंगण त्या दिवसांत उघडं ठेवायचं ठरवून घेतलं. रूपांतराच्या परवानगीतच अशी अट घालता येते, आणि ती घालायला हवी.

गेल्या वर्षी एक आजी आल्या होत्या, काठी टेकत. कोणी काही दाखवायच्या आधीच त्या डाव्या बाजूच्या घरांच्या रांगेकडे गेल्या आणि दारं मोजू लागल्या. अकराव्या दाराशी थांबून म्हणाल्या, माझी खोली ही, कडी नीट लागायची नाही, म्हणून बहीण बाहेर उभी राहायची. ते आमच्या शेजाऱ्यांचं स्वयंपाकघर आहे. शेजारणीने दार उघडलं, त्यांना आत नेलं आणि खिडकीपाशी खुर्ची दिली.